सैल तारांचा इतिहास

मंडळी, पेटीवरची काळी एक म्हटली की आपल्याला पुरुष गायकाचा षड्ज आठवतो. आज आम्ही तोच स्वर घेऊन इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात जाणार आहोत. इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यांत जाड तार एरवी पांढरी तीनला लावतात. ती तिथून काळी एकपर्यंत, म्हणजे तीन अर्धस्वर खाली उतरली. ती का उतरली, आणि त्यासाठी वाद्यात काय काय बदलावं लागलं, हा आजचा विषय.

प्रचलित गोष्ट अशी, की ब्लॅक सॅबथच्या मंडळींना भीतिदायक, काळोखा आवाज हवा होता म्हणून त्यांनी तारा उतरवल्या. आम्हाला ही गोष्ट अर्धीच वाटते. ज्या तबकडीने त्यांना भीतिदायक ठरवलं, ती १९७० सालची पहिली तबकडी नेहमीच्याच सुरात वाजवलेली आहे. त्याच वर्षीची ‘पॅरॅनॉइड’सुद्धा. काळी एक येते ती १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधल्या काही गाण्यांत. काळोख आधीच होता, तार नंतर उतरली.

खरी सुरुवात १९६५ साली एका पत्र्याच्या कारखान्यात झाली. टोनी आयोमी तेव्हा सतरा वर्षांचे होते. नोकरीचा शेवटचा दिवस. वेल्डिंगचं काम करणाऱ्या या मुलाला, दुसरा कामगार आला नाही म्हणून प्रेसवर उभं केलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरे. म्हणजे बरं का, उजवा हात त्यांचा तार दाबायचा हात. आपल्या सतारियाचा डावा हात जावा, तसं.

डॉक्टरांनी वादन सोडायला सांगितलं. कारखान्यातल्या एका वरिष्ठाने मात्र घरी येऊन जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८च्या आगीत जँगोची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो वाजवत होता. मग आयोमींनी भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिची टोपणं केली, घासून बोटांना बसवली, आणि तार निसटू नये म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. हे उपकरण कुठल्या वाद्यवाल्याच्या दुकानात मिळणारं नव्हतं. वितळवणं, घासणं, बसवून बघणं, जमेपर्यंत पुन्हा करणं ही कारखान्याची रीत आहे. ज्या कामाने बोटं घेतली, त्याच कामाची अक्कल इथे उपयोगी पडली असं आम्हाला वाटतं.

पुढचा प्रश्न तारांचा. टोपण घातलेल्या बोटाला तारेचा स्पर्श कळत नाही, आणि ताठ तार ओढणं तर फारच कठीण. बाजारात मिळणारे संच जाड. तेव्हा आयोमींनी वरच्या दोन जागी बँजोच्या बारीक तारा लावल्या आणि गिटारच्या तारा एकेक घर खाली सरकवल्या. ताण कमी झाला. त्यानंतर ते सूरही उतरवू लागले, तेव्हा बोटांना आणखी आराम मिळाला आणि आवाजही भरदार झाला.

थोडं गणित करू, कारण पुढचा इतिहास त्यावरच उभा आहे. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. पांढरी तीन सेकंदाला सुमारे ८२ कंपनांची, काळी एक ६९ची. फरक दिसायला थोडा, पण तार तीच ठेवली तर ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आयोमींना नेमकी हीच सैल तार हवी होती.

नंतरच्या पिढ्यांना मात्र ती नको होती, आणि या इतिहासातली सगळ्यांत मजेची गोष्ट आम्हाला हीच वाटते. त्यांनी आवाज ऐकला, तो खाली उतरवला, आणि सैलपणाला दोष मानलं. स्टॉकहोमच्या एंटूम्डने १९९०च्या ‘लेफ्ट हँड पाथ’मध्ये तारा पांढरी सातपर्यंत उतरवल्या. कॅलिफोर्नियाच्या कॉर्नने १९९४ साली सात तारांची गिटार घेऊन पांढरी सहा गाठली. इतकी सैल तार जोरात छेडली की सुरुवातीला स्वर चढतो, मग खाली येतो. पट्टीवर खडखडते ती वेगळीच. म्हणून जाड तारा आल्या, आणि जाड तारांबरोबर दुरुस्ती. मानेच्या टोकाला ज्या पट्टीच्या खाचांत तारा बसतात, तिला गिटारवाले नट म्हणतात; त्या खाचा कानशीने रुंद करायच्या. मानेतली लोखंडी सळई पिळून मान पुन्हा जागेवर आणायची. घोडीवरचे आधार मागे सरकवायचे, नाहीतर वरच्या घरांत स्वर चढा लागतो. हलती घोडी असेल तर मागच्या स्प्रिंगाही नव्या ताणाशी जुळवायच्या. नटची खाच एकदा रुंद केली की बारीक तार तिथे नीट बसत नाही, म्हणून हे काम घाईत करू नये.

जाड तारेचाही काही अंती उपयोग नसतो. ती काठीसारखी ताठ होते, स्वर बोदा येतो. मग उरते लांबी. आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही: मिरजेचे कारागीर पुरुषांसाठी मोठा तंबोरा करतात आणि बायकांसाठी लहान, तारांची जाडीही त्याप्रमाणे. काळी एकला लावायचा तंबोरा काळी पाचच्या मापाने कुणी करत नाही. गिटारच्या जगात मोकळ्या तारेची लांबी साधारण साडेपंचवीस इंच. ती तीस इंच केली, तर तीच तार त्याच स्वराला सुमारे अडतीस टक्के अधिक ताणली जाते.

स्वीडनच्या मेशुगाने २००२ साली ‘नथिंग’ ही तबकडी केली, तेव्हा आठ तारांची गिटार नीट काम देईना. मग त्यांनी सात तारांच्याच गिटारी फार खाली उतरवून वाजवल्या. पुढे हवी तशी आठ तारांची वाद्यं हाती आली, आणि २००६ साली त्यांनी गिटारचे भाग नव्याने वाजवून तीच तबकडी पुन्हा काढली. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा.

आयोमी मात्र काळी एकलाही बारीकच तारा लावत राहिले.  आज त्याच स्वराला वाजवणारे अनेक जण ०.०१२ इंचाच्या तारेपासून सुरुवात करतात.