तंजावरचे सरफोजीराजे : अनेक भाषांच्या अंगणांत घडलेलें मन

ज्या नगरांत अनेक भाषा व अनेक पंथ शेजारीं नांदतात, तेथें वाढणारें मूल आपलेपण गमावून बसेल काय, ही शंका आईबापांच्या मनांत वारंवार येते. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या चरित्रांत या शंकेचें उत्तर बऱ्याच अंशीं सांपडतें.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलें. तेव्हांपासून कावेरीकांठीं एक विलक्षण संगम घडून आला. राजघराणें मराठी, रयत तमिळ, नायक राजांच्या वेळेपासून दरबारी काव्यसंगीतांत तेलुगूचा मान, शास्त्रचर्चा संस्कृतांत, आणि जवळच तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर १६२० पासून डेन लोकांची वखार व पुढें त्यांचें मिशन. १७८७ त तुळजाजीराजांनीं दहा वर्षांच्या सरफोजींस दत्तक घेतलें व त्याच वर्षीं ते निवर्तले. मरणापूर्वीं त्यांनीं मुलास श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या हातीं सोंपविलें. हा पाद्री तमिळ व मराठी या दोन्ही भाषा जाणत असे.

पुढें तुळजाजींचे सावत्र बंधु अमरसिंग गादीवर बसले व दत्तविधान अशास्त्र ठरविण्यांत आलें. बालराजा कोंडल्यासारखा झाला, शिक्षणहि थांबलें. तेव्हां श्वार्ट्झनें कंपनी सरकाराकडे खटपट केली व १७९३ त मुलाची रवानगी मद्रासेस झाली. तेथें त्याचें पाश्चात्त्य विद्यांचें शिक्षण पुढें चाललें.

श्वार्ट्झचें जीवितकार्य धर्मप्रसाराचें. तरीहि त्याचा हा शिष्य अखेरपर्यंत आपल्या कुळाच्या शिवभक्तींतच राहिला. गुरूवरील प्रेम मात्र त्यानें लपविलें नाहीं. १७९८ च्या आरंभीं श्वार्ट्झ वारला व त्याच वर्षीं सरफोजींस गादी मिळाली. गुरूच्या थडग्यासाठीं त्यांनीं स्वतः इंग्रजी पद्य रचिलें आणि फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविलें. मृत्युशय्येवरील गुरूजवळ उभा असलेला शिष्य त्यावर कोरलेला आहे. इकडे बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर १८०३ त त्यांनींच भोसले कुळाचा विस्तीर्ण इतिहास मराठींत कोरवून घेतला. एकाच मनांत या दोन्ही निष्ठांस जागा होती.

श्वार्ट्झचा दुसरा एक शिष्य वेदनायक शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवि. कुरवंजि म्हणजे भविष्य सांगणाऱ्या भटक्या स्त्रीच्या पात्राभोंवतीं गुंफलेला तमिळ गेय नाट्यप्रकार. वेदनायकानें ख्रिस्ती विषय घेऊन बेथलेहेम कुरवंजि रचिली. सरफोजींनीं मराठींत देवेंद्र कुरवंजि रचून तिच्यांत पृथ्वीचा भूगोल गाण्यांतून सांगितला. सांचा तमिळ, विद्या युरोपीय, वाणी मराठी! उसनें घेतलेलें ज्ञान त्यांनीं आपल्या भाषेंत असें रुजविलें. १८०५ च्या सुमारास त्यांनीं तंजावरांत देवनागरी छापखाना घातला व ईसापच्या नीतिकथा ‘बालबोधमुक्तावलि’ या नांवानें मराठींत छापविल्या. मुंबईंत मराठी शाळापुस्तकें निघूं लागलीं तीं यानंतर. १८२० ते १८२२ या काशीयात्रेंतहि त्यांनीं हस्तलिखितांचा संग्रह केला, आणि नायकांच्या वेळचा जुना ग्रंथसंग्रह सरस्वती महाल या नांवानें समृद्ध केला.

या घडणीची दुसरी बाजूहि झांकून ठेवणें योग्य नाहीं. १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजास किल्ला, वार्षिक नेमणूक व वसुलाचा कांहीं हिस्सा एवढेंच राहिलें. असें असतां नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजींनीं समुद्रकांठीं ‘मनोरा’ उभारला. ज्यांनीं आपलें राज्य घेतलें त्यांचा जय साजरा करण्यांत कृतज्ञता किती आणि अगतिकता किती, हें सांगणें कठीण. अनेक संस्कृतींचा सहवास मन विशाल करतो. पण त्यांतील एकीच्या हातीं तरवार असली म्हणजे हा सहवास बरोबरीचा राहत नाहीं.

सरफोजी १८३२ त वारले. १८५५ त त्यांचे पुत्र शिवाजी औरस पुत्रावांचून वारल्यावर कंपनीनें उरलेली सत्ताहि संपुष्टांत आणली. गादी गेली, परंतु ग्रंथालय राहिलें. १९१८ त तें सर्व लोकांस खुलें झालें. मराठी, तमिळ, तेलुगु व संस्कृत ग्रंथ तेथें आजहि एका छपराखालीं आहेत. आपली भाषा घट्ट धरून परक्याची विद्या मोकळेपणानें घेणाऱ्या एका राजाचें मन आजहि तेथें पाहावयास मिळतें.