प्लिम्सॉलची रेघ

धक्क्याला लागलेल्या मालवाहू आगबोटीच्या कुशीकडे पाहिले, तर मध्यावर एक वर्तुळ आणि त्याला छेदून जाणारी आडवी रेघ रंगविलेली दिसते. रेघ पाण्याखाली गेली की माल फाजील झाला. शेजारी आणखी काही लहान रेघा असतात. कारण गोड्या पाण्यात बोट अधिक बुडते आणि हिवाळ्यातल्या उत्तर अटलांटिकमध्ये तिला अधिक उंच राहावे लागते. एवढी साधी ही खूण. पण इंग्लंडसारख्या दर्यावर्दी राष्ट्राच्या कायद्यात ती सक्तीची व्हावयास १८७६ साल उजाडले.

तोवर किती माल भरावा हे मालकाच्या मर्जीवर होते. भरल्या गाड्यास सूप जड नाही, हा त्यांचा हिशेब. बोट जुनी, सांधे खिळखिळे, विमा मात्र भरभक्कम! बुडाली तर मालकाची भरपाई होई. खलाशाच्या बायकोची होत नसे. बरे, करारावर सही केल्यानंतर बोटीची दशा पाहून खलाशाने पाय मागे घेतला, तर त्याला तुरुंग. लोक अशा बोटींना शवपेट्या म्हणत.

सॅम्युएल प्लिम्सॉल हा खलाशी नव्हे, कोळशाचा व्यापारी. १८६८ साली तो डर्बीतून पार्लमेंटात निवडून आला. १८७३ साली त्याने या प्रकरणावर पुस्तक लिहिले. त्यातले काही तपशील चुकीचे निघाले, मालकांनी अब्रुनुकसानीचे दावे लावले. चौकशीसाठी रॉयल कमिशन बसले. त्याने उलट सांगितले की, सरकारने रेघ आखली तर मालकाची जबाबदारी सरकारच्या गळ्यात पडेल. हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे मला वाटत नाही. पण तोवर माणसे बुडतच होती. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांचे बिल बाजूला ठेवताच प्लिम्सॉलचा तोल गेला. भर सभागृहात त्याने सभासदांना बदमाश म्हटले. पुढे त्याने माफी मागितली. पण देश खवळला होता. सरकारला तात्पुरता कायदा करावा लागला आणि पुढल्या वर्षी रेघ सक्तीची झाली.

सक्तीची झाली, पण कोठे आखावयाची हे मालकानेच ठरवायचे! एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगविली, अशी गोष्ट सांगतात. रेघेची जागा कायद्याने ठरविण्यास १८९० साल लागले. म्हणजे चौदा वर्षे ती पुष्कळशी शोभेचीच होती.

१९०६ च्या कायद्याने ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी बोटींनाही रेघ लागू केली. त्याच सुमारास खुद्द ब्रिटिश बोटींना मात्र थोडे अधिक खोल भरण्याची मोकळीक मिळाली. त्याच कायद्याने खलाशाच्या राहण्याच्या जागेचे किमान माप ७२ घनफुटांवरून १२० वर नेले. ही वाढ लास्करांना लागू नव्हती. आणि लास्कर म्हणजे कोण, तर मुंबईत भरती होणारे आमच्या रत्नागिरीकडचे खलाशीही त्यांतलेच.