तो ‘हो’ का म्हणाला? शार्क टँक, कांद्याचा लिलाव आणि संशोधनाचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, “तुमचा रिसर्च प्रॉब्लेम काय?” आणि आपण हमखास विषयाचं नाव सांगून मोकळे होतो. ‘उद्योगाच्या रिॲलिटी शोमधल्या स्पर्धकांचं वर्तन’ हा विषय झाला. त्यात प्रश्न कुठे आहे? विषयापासून प्रश्नापर्यंत कसं पोहोचायचं, हे आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच आहे, आणि बहुतेकांनी ते टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेलं आहे.

‘शार्क टँक इंडिया’ सोनी वाहिनीवर २० डिसेंबर २०२१ ला सुरू झालं. त्याच्या पहिल्याच पर्वात मालेगाव तालुक्यातले कमलेश घुमरे आले. ‘जुगाडू कमलेश’ या नावाने ते नंतर देशभर माहीत झाले. त्यांनी फवारणीसाठी हाताने ढकलायची एक गाडी बनवली होती. पंधरा-वीस लिटरचा पंप पाठीवर घेऊन शेतात फिरणं म्हणजे काय, हे तुम्ही शेतकरी घरातले असाल तर वेगळं सांगायला नको. पाठ जाते ती जातेच, शिवाय औषध अंगावर उडतं. पंप गाडीवर आला की दोन्ही त्रास कमी होतात.

कमलेश यांनी ३० लाख रुपये मागितले आणि त्या बदल्यात कंपनीतला १० टक्के हिस्सा देऊ केला. शेवटी पियूष बन्सल यांच्याशी सौदा ठरला तो असा: १० लाख रुपयांना ४० टक्के हिस्सा आणि २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज.

आता पाटीवर हिशेब मांडा. १० टक्क्यांचे ३० लाख, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत ३ कोटी. ४० टक्क्यांचे १० लाख, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत २५ लाख. बिनव्याजी कर्जाचाही फायदा आहेच, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरीही किंमत बारा पटींनी खाली आली, आणि ते ‘हो’ म्हणाले.

का म्हणाले? हा प्रश्न मी आजवर ज्यांना ज्यांना विचारला, त्यांची उत्तरं साधारण तीन प्रकारची होती. गावाकडचा साधा माणूस, फसला. किंवा, भावनेच्या भरात हो म्हणाला. किंवा, हुशार निघाला, पैशापेक्षा माणूस निवडला. तिन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण तिन्हींचा पाया एकच आहे: वागण्याचं कारण त्या माणसाच्या स्वभावात आहे. सामाजिक मानसशास्त्रात या सवयीला मूलभूत आरोपण-दोष म्हणतात. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा कमी धरतो.

हा दोष टाळायचा एक जुना मार्ग म्हणजे इतिहास. माणूस तोच ठेवून परिस्थिती बदलता येत नसेल, तर परिस्थिती वेगवेगळ्या काळात कशी बदलत गेली आणि माणसं त्याप्रमाणे कशी वागली, ते बघायचं.

खेळ कुठून आला

२००१ मध्ये जपानच्या निप्पॉन टीव्हीवर ‘मनी नो तोरा’ हा कार्यक्रम सुरू झाला. नावाचा अर्थ ‘पैशाचे वाघ’. समोर गुंतवणूकदार बसलेले, आणि एकेक जण येऊन आपली कल्पना सांगून पैसे मागतो. २००५ च्या जानेवारीत बीबीसीने हाच साचा ‘ड्रॅगन्स डेन’ या नावाने घेतला, तेव्हा वाघांचे ड्रॅगन झाले. २००९ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर त्याच ड्रॅगनचे शार्क झाले. आपल्याकडे तो साचा पोहोचला तेव्हा मूळ कार्यक्रमाला वीस वर्षं झाली होती.

याच काळात दुसरा एक साचाही वाढत होता. २००४ च्या जानेवारीत अमेरिकेत एनबीसीवर ‘द ॲप्रेंटिस’ सुरू झाला. त्यात डोनाल्ड ट्रम्प मालकाच्या खुर्चीत होते. पुढच्या वर्षी बीबीसीच्या आवृत्तीत त्या खुर्चीत ॲलन शुगर बसले. तिथे स्पर्धक गटात काम करतात. जो गट हरतो त्याला बोर्डरूममध्ये बोलावतात, आणि त्यातल्या एकाला घरी पाठवलं जातं.

दोन्ही साचे उद्योगाचेच. पण स्पर्धकांचं वागणं बघा. ‘ॲप्रेंटिस’मध्ये बोर्डरूमचं दार उघडलं की सहकारी एकमेकांवर ढकलायला लागतात. निर्णय कुणाचा होता, विक्री कुणी कमी केली, कोण काहीच बोलत नव्हतं. यात कुणी जन्मजात चुगलखोर असायची गरज नाही. एक जण जाणारच आहे, आणि तो मी नसेन तर दुसरा कुणीतरी असेल, असा नियमच आहे.

‘ड्रॅगन्स डेन’मध्ये हे दिसत नाही, कारण खोलीत प्रतिस्पर्धीच नाही. तिथे वेगळा नियम आहे: मागितलेली पूर्ण रक्कम मिळाली पाहिजे, नाहीतर रिकाम्या हाताने परत. साहजिकच रक्कम हलत नाही आणि सगळी ओढाताण हिश्श्यावर येते. टक्केवारीवरून स्पर्धक घाम पुसताना दिसतो तो त्यामुळे. कमलेश यांच्या सौद्यातही १० आणि २० मिळून रक्कम ३० लाखच राहिली. हलला तो हिस्सा.

काही नियम तर पडद्यावर दिसतही नाहीत. अमेरिकी ‘शार्क टँक’च्या सुरुवातीच्या काळात कार्यक्रमात नुसतं येण्यासाठी कंपनीतला ५ टक्के हिस्सा किंवा नफ्यातले २ टक्के निर्मात्यांना लिहून द्यावे लागत, सौदा होवो न होवो. शार्क मार्क क्यूबन यांनी आग्रह धरल्यावर २०१३ मध्ये ती अट काढली गेली. अशी अट असताना कोणता उद्योजक येईल आणि कोण दारातूनच परत जाईल, याचा विचार करा. आपण ज्याला ‘स्पर्धकांचं वर्तन’ म्हणतो, त्यातला काही भाग स्टुडिओच्या बाहेरच, कोण आत येणार इथेच ठरलेला असतो. संशोधनाच्या भाषेत याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात.

विंचूरचा लिलाव

आता टीव्ही बंद करा आणि विंचूरला चला. निफाड तालुक्यातल्या या गावात लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. कांद्याच्या हंगामात सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनापासून दुसऱ्याकडे सरकतो, मूठभर कांदा हातात घेऊन बघतो, आणि क्विंटलमागे बोली सुरू होते.

हा लिलाव आणि शार्क टँक शेजारी-शेजारी ठेवून बघा. टँकमध्ये विकणारा आधी किंमत सांगतो आणि तिथून ती खाली ओढली जाते. लिलावात विकणारा किंमत सांगतच नाही. घेणारे बोलतात आणि बोली वर चढते. टँकमध्ये विकणाऱ्याने आपली गोष्ट सांगायची असते, वडिलांचे कष्ट, स्वतःची धडपड. लिलावात शेतकऱ्याची गोष्ट कुणी विचारत नाही, त्याचा कांदाच काय तो बोलतो. टँकमध्ये दोन-तीन शार्क मिळून एकच ऑफर देऊ शकतात आणि ते उघड चालतं. बाजारात खरेदीदारांनी आपसात भाव ठरवून घेतला, तर शेतकरी त्याला संगनमत म्हणून तक्रार करेल.

समजा, विंचूरच्या आवारात गप्प उभा असलेला शेतकरी उद्या टँकमध्ये गेला. तिथे तो बोलका होईल, हसवेल, रडेल. माणूस बदलला का? त्याच्याकडून काय मागितलं जातं, ते बदललं.

बाजारालाही इतिहास आहे, हे विसरू नका. जुन्या पद्धतीत अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे. समोर उभ्या शेतकऱ्याला भाव कसा ठरला ते कळायचंच नाही. वऱ्हाडात १८९७ मध्ये कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला, मुंबई प्रांतात १९३९ मध्ये बाजारांचा कायदा आला, आणि महाराष्ट्रात १९६३ चा. नियमन आलं तसा रुमाल मागे पडला आणि उघड लिलाव आला. तोच व्यापारी, तोच शेतकरी, पण आता बोली सगळ्यांच्या कानावर पडते. ‘व्यापारी असाच असतो’ आणि ‘शेतकरी असाच असतो’ ही वाक्यं रुमालाच्या काळातही लोक बोलत असतील आणि आजही बोलतात. मधे नियम बदलले, ते त्या वाक्यांत येत नाही.

‘नाही’ म्हणायला काय लागतं

लिलावात भाव पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो. हक्क आहे. पण भाड्याचे पैसे गेलेले असतात, दिवस गेलेला असतो, परत नेलेला कांदा पुन्हा भरायचा-उतरवायचा, आणि पाऊस आला तर सडायचा. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा हक्क सगळ्यांना सारखा असला, तरी त्याची किंमत सारखी नाही. ज्याची चाळ मोठी आणि देणं कमी, त्याला ‘नाही’ स्वस्त पडतं. ज्याला उद्याच्या उद्या सोसायटीचा हप्ता भरायचाय, त्याला ते परवडत नाही.

माझ्या मते शार्क टँकमधल्या वागण्याची किल्ली इथे आहे. ज्या कंपनीची विक्री चालू आहे, ज्यांच्याकडे दुसरा गुंतवणूकदार वाट बघतोय, ते शार्कची ऑफर नाकारतात, आणि आपण म्हणतो, ‘काय आत्मविश्वास!’ ज्याच्याकडे यंत्राचा नमुना आहे पण कारखाना नाही, तो स्वीकारतो, आणि आपण म्हणतो, ‘भोळा!’ पडद्यावर दिसतं ते एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’. त्याची किंमत पडद्याबाहेर, गावात, बँकेत, घरात ठरलेली असते. कमलेश यांच्यासारख्या माणसाला भोळा म्हटलं की आपण सुटतो. त्याला ‘नाही’ इतकं महाग का पडावं, हे मग विचारावं लागत नाही.

मग ‘स्पर्धक ऑफर का स्वीकारतात’ हा विषय झाला, आणि ‘ऑफर नाकारण्याची किंमत वाढली की स्पर्धक किती हिस्सा सोडायला तयार होतात’ हा प्रश्न झाला. दुसऱ्यात मोजण्यासारखं काहीतरी आहे, आणि तो चुकीचाही ठरू शकतो. तो गुण नसेल तर तो संशोधनाचा प्रश्न नाही.

आधी कुणी काय केलंय

या वाटेने लोक गेलेले आहेत. मॅक्सवेल, जेफ्री आणि लेव्हेस्क यांनी ‘ड्रॅगन्स डेन’च्या कॅनडातल्या आवृत्तीचा अभ्यास करून २०११ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. गुंतवणूकदार सुरुवातीला सगळ्या बाजू तोलत बसत नाहीत, एखादी गंभीर त्रुटी दिसली की प्रस्ताव बाजूला करतात, असं त्यांना आढळलं. चेन, याओ आणि कोथा यांनी २००९ मध्ये दाखवलं की निर्णयावर परिणाम होतो तो तयारीचा. नुसत्या दिसणाऱ्या जोशाचा तसा होत नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो तो कान्झ आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा निबंध. टेकक्रंच डिसरप्ट या स्टार्टअप स्पर्धेतल्या प्रश्नोत्तरांचा त्यांनी अभ्यास केला. पुरुष संस्थापकांना ‘किती वाढेल’ अशा वळणाचे प्रश्न जास्त विचारले गेले, स्त्रियांना ‘बुडणार तर नाही ना’ अशा वळणाचे. आणि ज्यांना दुसऱ्या प्रकारचे प्रश्न आले, त्यांना पैसे कमी मिळाले. म्हणजे स्पर्धकाचं उत्तर मोजायचं असेल, तर त्याला विचारलेला प्रश्न आधी नोंदवा.

तुम्ही सुरुवात कुठून कराल?

एक भाग घ्या, पण लगेच बघू नका. आधी एका कागदावर नियम लिहा: खोलीत कोण आहे, पहिली किंमत कोण सांगतं, काय हलू शकतं आणि काय नाही. मग भाग बघताना तीन रकाने करा: विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर, आणि नाकारण्याच्या किमतीची खूण, म्हणजे चालू विक्री, कर्ज, दुसरी ऑफर. ‘आत्मविश्वासू’, ‘भावनिक’ असे शब्द रकान्यात येऊ देऊ नका; ते निरीक्षण नाही, निकाल आहे. तोच भाग मित्राला वेगळा नोंदवायला द्या. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर व्याख्या ढिली आहे, ती दुरुस्त करा.

आणि एक रकाना रिकामा ठेवा, न दाखवलेल्या गोष्टींसाठी. खोलीतलं बोलणं लांब चालतं, आपल्यापर्यंत काही मिनिटं येतात. पडद्यावर हात मिळवल्यानंतर कागदपत्रांची तपासणी होते आणि काही सौदे तिथे बदलतात किंवा मोडतात. त्यामुळे प्रबंधात ‘स्पर्धकांनी स्वीकारलं’ असं लिहायचं नाही, ‘प्रक्षेपित भागात स्वीकारलं’ असं लिहायचं. एका शब्दाचा फरक आहे, पण परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

जमलं तर कांद्याच्या हंगामात एक सकाळ विंचूरच्या आवारातही काढा. तिथे संकलन करणारा कुणी नाही, सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. तेच तीन रकाने घेऊन जा, आणि पहिल्या रकान्यात काय लिहायचं ते तिथे उभं राहून ठरवा.