बोटाने स्क्रोल न करता फोनमधल्या फाईल्स आवरा: टर्मिनलमधला फाईल मॅनेजर 'एनएनएन' कसा वापरायचा?

फोनचं स्टोरेज भरलं की आपण काय करतो? गॅलरी उघडतो, एकेका फोटोवर बोट दाबून धरतो आणि डिलीट करत बसतो. शंभर फोटो असतील तर ठीक, पण पाच हजार असतील तर?

पेण तालुक्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. पेण शहर, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांमधून मूर्ती सगळीकडे जातात आणि आता बरीचशी बोलणी व्हॉट्सॲपवरच होतात. साच्यातून काढलेली कच्ची मूर्ती, रंगकाम, डोळ्यांची आखणी, मंडळाने पाठवलेला नमुना, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, सगळं एकाच फोनमध्ये. ऐन सीझनमध्ये 'स्टोरेज फुल' आलं आणि घाईत चुकीचे फोटो उडाले, तर कोणाला कोणती मूर्ती कबूल केली होती तेच सापडत नाही.

अशा कामासाठी एक जुनी पण फार वेगवान पद्धत आहे: कीबोर्डवर चालणारा फाईल मॅनेजर. या लेखात तो अँड्रॉइड फोनवर कसा टाकायचा, कोणती बटणं लक्षात ठेवायची आणि कुठे जपून राहायचं, ते पाहूया.

टर्मिनल फाईल मॅनेजर म्हणजे काय?

टर्मिनल म्हणजे अशी स्क्रीन, जिथे आपण अक्षरं टाईप करून कॉम्प्युटरला काम सांगतो. टर्मिनल फाईल मॅनेजर त्याच स्क्रीनवर फाईल्सची यादी दाखवतो. आयकॉन नाहीत, थंबनेल नाहीत, फक्त नावं. एक बटण दाबलं की एक काम होतं.

ही कल्पना नवीन नाही. १९८६ साली जॉन सोचा यांचा 'नॉर्टन कमांडर' आला. त्याच धर्तीवर मिगेल दे इकाझा यांनी १९९४ मध्ये 'मिडनाईट कमांडर' बनवला, तो आजही वापरात आहे. पण त्याची बरीच कामं एफ-१ ते एफ-१० या बटणांवर चालतात आणि फोनच्या कीबोर्डवर ती बटणं सहज मिळत नाहीत. म्हणून फोनसाठी 'एनएनएन' सोयीचा. तो भारतीय प्रोग्रॅमर अरुण प्रकाश जाना यांनी सी भाषेत लिहिला आहे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि अगदी हलका आहे. साधी अक्षरं दाबून चालतो.

फोनवर कसा टाकायचा?

अँड्रॉइडवर टर्मिनलसाठी 'टर्मक्स' हे ॲप लागतं. ते अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढच्या फोनवर चालतं.

१. टर्मक्स शक्यतो 'एफ-ड्रॉइड' या ओपन सोर्स ॲप स्टोअरवरून घ्या.

२. टर्मक्स उघडा आणि कीबोर्ड इंग्रजी करा. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पुढची कोणतीच बटणं काम करणार नाहीत. या लेखात अक्षरांची नावं देवनागरीत दिली असली तरी टाईप इंग्रजीतच करायचं. आकडेसुद्धा.

३. 'पीकेजी अपडेट' टाईप करून एंटर दाबा. मध्ये प्रश्न विचारला तर 'वाय' दाबून एंटर.

४. 'पीकेजी इन्स्टॉल एनएनएन' टाईप करून एंटर दाबा.

५. 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' टाईप करा. तिन्ही शब्दांमध्ये डॅश आहे, स्पेस नाही. फोन परवानगी विचारेल, ती द्या. आता टर्मक्समध्ये 'स्टोरेज' नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्याच्या आतल्या 'शेअर्ड'मध्ये फोनचं नेहमीचं स्टोरेज दिसतं.

६. 'एनएनएन' टाईप करून एंटर दाबा. झालं, यादी समोर येईल.

एकदा इन्स्टॉल झाल्यावर नेट लागत नाही. पेणहून रोह्याला जाताना गाडीत रेंज गेली तरी काम चालू राहतं.

फोल्डरमध्ये फिरायचं कसं?

फिरण्यासाठी चार बटणं आहेत: एच, जे, के, एल. ती कीबोर्डवर एकाच ओळीत शेजारी शेजारी आहेत.

- जे: यादीत एक ओळ खाली
- के: एक ओळ वर
- एल: निवडलेल्या फोल्डरच्या आत
- एच: फोल्डरमधून बाहेर, म्हणजे एक पायरी मागे

हीच चार का? १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा एडिटर लिहिला, तेव्हा ते 'एडीएम-३ए' हे टर्मिनल वापरत होते. त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. ती सवय पुढे शेकडो प्रोग्रॅम्समध्ये आली. नेहमीचे बाणही चालतात, टर्मक्समध्ये ते कीबोर्डच्या वरच्या पट्टीत मिळतात.

आता एक उदाहरण. समजा 'रायगड' हा फोल्डर आहे, त्यात 'पेण' आणि 'रोहा' हे दोन फोल्डर एकाखाली एक आहेत. पेणच्या आत 'हमरापूर', रोह्याच्या आत 'धाटाव'. तुम्ही हमरापूरवर आहात आणि धाटावला जायचंय. 'एच' दाबा, रायगडच्या यादीत पेणवर याल. 'जे' दाबा, खाली रोह्यावर याल. 'एल' दाबा, रोह्याच्या आत शिराल आणि धाटाव दिसेल. तीन बटणांत तालुका बदलला! फोनमधले सगळे फोल्डर असेच एकात एक असतात.

नेहमी लागणारी बटणं

- स्लॅश: यादीत शोध. टाईप कराल तशी यादी लहान होत जाते
- डी: प्रत्येक फाईलची तारीख आणि साईज दाखवतो
- टी: यादीचा क्रम बदलतो. नंतर 'एस' दाबलं तर साईजप्रमाणे, 'टी' दाबलं तर वेळेप्रमाणे, 'डी' दाबलं तर कोणता फोल्डर किती जागा खातोय ते मोजून दाखवतो
- स्पेस: फाईल निवडतो, निवडलेल्या फाईलपुढे अधिकचं चिन्ह येतं. पुन्हा स्पेस दाबलं की निवड रद्द
- ए: दिसणाऱ्या सगळ्या फाईल्स निवडतो
- पी: निवडलेल्या फाईल्स इथे कॉपी करतो
- व्ही: निवडलेल्या फाईल्स इथे हलवतो
- एन: नवीन फाईल किंवा फोल्डर बनवतो
- कंट्रोल आणि आर: नाव बदलतो
- १ ते ४: चार वेगवेगळे टॅब
- प्रश्नचिन्ह: सगळ्या बटणांची यादी
- क्यू: बाहेर पडतो

कंट्रोलचं बटण टर्मक्सच्या वरच्या पट्टीत असतं. आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं तरी ते कंट्रोलसारखं चालतं.

'पी' आणि 'व्ही' मधला 'इथे' नीट लक्षात घ्या. गॅलरीत आपण 'हे तिकडे पाठव' असं सांगतो. एनएनएनमध्ये उलटं आहे: आधी फाईल्स निवडायच्या, मग जिथे हव्यात तिथे चालत जायचं आणि तिथे पोचल्यावर बटण दाबायचं. निवड फोल्डर बदलला तरी टिकून राहते.

नाव बदलण्याबद्दलही एक गोष्ट. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, पण पेण आणि रोहा जागचे हलले नाहीत. फोल्डरचं नाव बदललं तर आतल्या फाईल्सना असंच काही होत नाही. फक्त जुन्या पत्त्याने शोधणाऱ्याला त्या सापडणार नाहीत. म्हणून व्हॉट्सॲपने स्वतः बनवलेल्या फोल्डरची नावं बदलू नका, नाहीतर ॲपला स्वतःचेच फोटो मिळणार नाहीत.

प्रत्यक्ष काम: गेल्या सीझनचे फोटो वेगळे करूया

अँड्रॉइड ११ पासून व्हॉट्सॲपचे फोटो साधारण या वाटेने सापडतात: शेअर्ड, अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, मीडिया, व्हॉट्सॲप इमेजेस. व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर त्याचा फोल्डर शेजारीच, वेगळ्या नावाने असतो.

इथल्या फोटोंची नावं पाहा. 'आयएमजी-२०२४०८१५-डब्ल्यूए०००७' अशी असतात. मधले आठ आकडे म्हणजे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे शोधायला लागणारी माहिती नावातच आहे.

१. आधी १ नंबरच्या टॅबमध्ये हा फोल्डर उघडा.

२. मग २ दाबून दुसरा टॅब उघडा. शेअर्डच्या आत 'पिक्चर्स'मध्ये जा आणि 'एन' वापरून 'सीझन२०२४' नावाचा फोल्डर बनवा. नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण टर्मिनलमध्ये मराठीच्या काना-मात्रा बऱ्याचदा तुटक दिसतात.

३. १ दाबून परत पहिल्या टॅबवर या. स्लॅश दाबा आणि '२०२४०' टाईप करा. २०२४ च्या जानेवारी ते सप्टेंबरचे सगळे फोटो समोर येतील, कारण या नऊही महिन्यांचा आकडा शून्याने सुरू होतो.

४. खाली जायचा बाण दाबून यादीत या. 'ए' दाबून सगळे निवडा.

५. २ दाबा, नव्या फोल्डरच्या आत जा आणि 'पी' दाबा.

इथे फक्त 'ऑगस्ट'चे फोटो का शोधले नाहीत? कारण गणपती दरवर्षी एकाच महिन्यात येत नाहीत. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ची २७ ऑगस्टला. ऑर्डरी तर त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतात. एकच महिना धरला तर अर्धा सीझन बाहेर राहील.

सर्वात महत्त्वाचं: इथे कचरापेटी नाही

यादीत एक बटण मुद्दाम दिलं नव्हतं. 'एक्स' दाबलं की फाईल डिलीट होते. तीस दिवस थांबणारी गॅलरीची 'ट्रॅश' किंवा 'रिसायकल बिन' इथे मध्ये येत नाही. एनएनएन एकदा विचारतो, तुम्ही हो म्हणालात की फाईल गेली. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधून गेलेला फोटो चॅटमध्येही उघडत नाही.

म्हणून हे चार नियम पाळा:

- आधी कॉपी, मग तपासणी, मग डिलीट. जागा मोकळी करायची म्हणून थेट 'एक्स'कडे जाऊ नका.
- कॉपी झालेले चार-पाच फोटो 'एल' दाबून उघडून पाहा. ते फोनच्या ॲपमध्ये उघडतील.
- नवीन फोल्डर कॉम्प्युटरवर किंवा क्लाउडवर चढवा. फोनमधल्याच दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. फोन पाण्यात पडला तर दोन्ही जातील.
- 'एक्स' दाबल्यावर 'आत्ताची फाईल की निवडलेल्या?' असं विचारलं तर थांबा आणि वाचा. निवड दुसऱ्या फोल्डरमधली असू शकते.

पहिल्या दिवशी सराव करायचा तर 'टेस्ट' नावाचा फोल्डर करा, त्यात दहा बिनकामाचे फोटो टाका आणि सगळी बटणं तिथेच दाबून बघा.

नेहमीचे प्रश्न

*यासाठी फोन रूट करावा लागतो का?*
नाही. मात्र अँड्रॉइड ११ पासून 'अँड्रॉइड' फोल्डरमधला 'डेटा' हा भाग उघडत नाही. ती सिस्टीमचीच मर्यादा आहे.

*फोटो न बघता कसे निवडायचे?*
चेहरे किंवा मूर्ती बघून निवडायची असेल तर गॅलरीच बरी. तारीख, साईज, नाव यावरून शेकडो फाईल्स एकदम हलवायच्या असतील तर एनएनएन.

*टच कीबोर्डवर त्रास होतो, काय करू?*
ओटीजी किंवा ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. साधा यूएसबी कीबोर्डही ओटीजी केबलने चालतो. खरा वेग तेव्हाच कळतो.

*हे शिकून पुढे उपयोग काय?*
एनएनएन लिनक्सवर आणि मॅकवरही अगदी असाच चालतो. तुम्ही इंजिनिअरिंगला असाल किंवा रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीसारख्या ठिकाणी पुढे आयटीचं काम करायचं असेल, तर कधीतरी अशा सर्व्हरवर लॉगिन करावं लागेल जिथे माऊस नाही आणि आयकॉनही नाहीत. तेव्हा समोर फक्त काळी स्क्रीन असेल आणि एच, जे, के, एल तुम्हाला आधीच येत असतील.