गरम पाणी आणि दुप्पट कर

ज्या गावाला पोचायला लोक एके काळी घोडागाडीत दिवसच्या दिवस हाडं खिळखिळी करून घेत आणि पोचल्यावर भल्या सकाळी रांगेत उभं राहून पोट साफ व्हायचं पाणी पीत, त्या गावाला युरोपातले लोक चैनीचं ठिकाण म्हणत आले आहेत. चेक देशातलं कार्लोवी वारी ते हेच. जर्मनांचं कार्ल्सबाद. प्रागहून मोटारीनं दोनेक तास. चौथ्या चार्ल्स राजाचं शिकारी कुत्रं हरणामागे धावता धावता गरम पाण्यात पडलं, केकाटलं, आणि झरा सापडला, अशी दंतकथा आहे. कुत्र्याची साक्ष काढता येत नाही. राजानं १३७० साली गावाला हक्क दिले ते मात्र कागदावर आहे. आणि बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा विश्वास फक्त कागदावर असतो.

मुख्य झऱ्याचं चेक नाव घ्यायला गेलं की जीभ मुरगळते, म्हणून जर्मन नाव सांगतो: श्प्रूडेल. पाणी ७३ अंशांचं, आणि उडतं बारा मीटरपर्यंत. प्यायचा कप न्यारा. त्याचा कानच पोकळ असतो. त्यातून चोखत चोखत, खांबांच्या ओळीखालून फेऱ्या मारायच्या. अशा एका मंडपाला १२४ खांब आहेत, १८८१ सालचे. आमच्या हिनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "मीठ जरा जास्तच पडलंय." मीठ खरंच असतं, पण रेचक जातीचं. चव एरंडेलाची नाही, हेतू तोच.

या गावानं दुसरीही साफसफाई पाहिली आहे. १८१९ साली ऑस्ट्रियाच्या मेटरनिखनं जर्मन राज्यांचे मंत्री इथं जमवले आणि ठराव केले: छपाईवर नजर ठेवा, बंडखोर प्राध्यापकांना काढा, विद्यार्थ्यांच्या संघटना मोडा. पोट साफ करायच्या गावात विद्यापीठं साफ करायचं ठरलं!

पंचावन्न वर्षांनी त्याच गावात एक दाढीवाले गृहस्थ मुलीला घेऊन उतरले. यकृत बिघडलेलं, डॉक्टरांनी पाणी सांगितलेलं. पाहुण्यांच्या यादीत त्यांनी लिहिलं: चार्ल्स मार्क्स, खाजगी गृहस्थ, लंडन. 'भांडवल' लिहिणारे तेच हे कार्ल मार्क्स. गावात पाहुण्यांवर कर असे, आणि ज्याचा जसा दर्जा तसा त्याचा आकडा. 'खाजगी गृहस्थ' म्हणवून घेतल्यामुळे बाप-लेकीचा कर दुप्पट भरावा लागला. पण 'तो' कुप्रसिद्ध मार्क्स आपण, असा संशय येत नाही, असं त्यांनी मित्राला, म्हणजे एंगल्सला, कळवलं. दर्जा वाढवून दुप्पट कर भरायला राजी झालेला एकही खातेदार माझ्या काउंटरवर आजवर आलेला नाही. आणि एवढं करून व्हिएन्नाच्या एका पत्रानं त्यांना ओळखलंच! पत्राचं नाव काय, तर 'श्प्रूडेल'. बिचारे तरी १८७५ आणि १८७६ सालीही आले. गृहस्थ शांत आहेत, एकटेच लांब फिरायला जातात, अशी पोलिसांची नोंद आहे. समाजवादी राजवटीत त्यांचा पुतळाही बसला. पुतळ्याला कर नसतो.

जवळच लोकेट आहे. नदीच्या वळणात किल्ला, किल्ल्याला बिलगून गाव. गटे या महाकवीनं आपला चौऱ्याहत्तरावा वाढदिवस १८२३ साली इथं साजरा केला, एकोणीस वर्षांच्या उलरिकेच्या सहवासात. त्याच सुमारास लग्नाची मागणीही घातली होती. काय उत्तर आलं असेल ते मुलींच्या बापांना सांगायला नको. उलरिके मात्र जन्मभर अविवाहित राहिली आणि ९५ वर्षं जगली.

पाहुण्यांच्या याद्या छापण्याची या गावाला फार हौस. गावकऱ्यांच्या याद्या झाल्या त्या महायुद्ध संपल्यावर. गाव पिढ्यान् पिढ्या जर्मन बोलणाऱ्यांचं. हिटलरनं हा मुलूख १९३८ साली गिळला, त्याची किंमत १९४५-४६ मध्ये सरसकट सगळ्यांकडून वसूल झाली. दोषी कोण, निर्दोष कोण, एवढा हिशेब करत कोण बसतो? माणशी तीस ते पन्नास किलो सामान, आणि चालायला लागा. घरं, दुकानं, खाटा इथंच.

हॉटेलच्या काउंटरवर माझ्या पुढे एक म्हातारी उभी होती. पंचाऐंशीच्या पुढची, काठी टेकून, जर्मन बोलणारी. फॉर्मात जन्मस्थानाच्या रकान्यात तिनं 'कार्ल्सबाद' लिहिलं. काउंटरवरच्या पोरानं ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, क्षणभर घुटमळला. मग त्यानं खोलीचं भाडं सांगितलं आणि त्यात पाहुण्यांचा कर मिळवला. म्हातारीनं सुटे पैसे मोजून दिले, पावती मागून घेतली आणि घडी न घालता पर्समध्ये ठेवली.