बाई पडली त्याची गोष्ट

सुटीत घरी आले की मी हिंगोलीहून औंढा नागनाथच्या रस्त्याला सायकल काढते. पहाटे साडेपाचला, ट्रकची वर्दळ वाढायच्या आत. पहिल्याच आठवड्यात तीन दुचाकीवाल्यांनी गाडी हळू करून विचारलं, "ताई, बस चुकली का?" चौथ्याने हेल्मेट आणि गॉगल बघून मला मोजणीवाली समजलं. "आमचं वावर जायलंय का ह्याच्यात?" मी नाही म्हटल्यावर त्याला केवढं हायसं वाटलं! कशासाठी चालले आहे हे विचारायचंच तो विसरला.

आजी मात्र विसरली नाही. तिला मी सांगितलं, गोव्यात एक शर्यत असते, नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि उतरल्या उतरल्या एकवीस किलोमीटर पळायचं. नव्वद म्हणजे इथून नांदेड.

"आन् नांदेडला काय काम हाय?"

"काम काही नाही. शेवटी एक कमान असते. तिच्याखालून जायचं."

"नुस्ती कमान?"

वारीला पायी गेलेली बाई आहे ती. चालण्याचं तिला नवल नाही, पण पलीकडे विठोबा नसताना कुणी एवढं का दमेल, हे तिला पटेना. खरं सांगायचं तर मलाही ते धड सांगता येत नव्हतं. म्हणून रात्री फोनवर वाचत बसायला लागले. शोधत होते सरावाचं वेळापत्रक आणि सापडत गेला इतिहास. त्या इतिहासात एकच चित्र पुन्हा पुन्हा समोर यायचं: जमिनीवर पडलेली बाई, आणि तिच्याभोवती उभं राहून पुढचं ठरवणारी माणसं.

पहिलं चित्र १९२८ सालचं, अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधलं. ऑलिंपिकच्या मैदानी खेळांत बायकांना त्या वर्षी पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता आणि त्यात सगळ्यात लांबची शर्यत होती ८०० मीटरची. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राड्के २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली. पहिल्या तिघींनी जुना विश्वविक्रम मोडला. शर्यत संपल्यावर एक-दोघी गवतावर आडव्या झाल्या. जीव तोडून पळालेलं माणूस आडवं होणारच, पुरुषही व्हायचे. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत निम्म्या बायका कोसळल्याच्या बातम्या होत्या. काहींनी धावणाऱ्यांचा आकडासुद्धा फुगवला. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती, हे मात्र मागे पडलं. बाईच्या शरीराला हे झेपत नाही असा निष्कर्ष निघाला आणि बायकांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती थेट १९६० साली परत आली. बत्तीस वर्षं! एवढ्यात एका मुलीची आजी होते.

मॅरेथॉनचं दार तर त्याहून उशिरा उघडलं. १९६७ साली बोस्टनमध्ये कॅथरिन स्वित्झर २६१ नंबर लावून धावत होती, तेव्हा आयोजकांपैकी एकाने भर रस्त्यात तिला धरून तो नंबर ओढायचा प्रयत्न केला. तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली १९८४ साली, लॉस एंजेलिसला.

आता ट्रायथलॉनकडे येते. पोहणं, सायकल आणि पळणं या तीन गोष्टी एका दमात करायची ही शर्यत तशी अगदी अलीकडची. त्या नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत सॅन डिएगोला झाली. तिच्यात जॉन कॉलिन्स हा नौदलातला अधिकारी होता आणि त्याची बायको ज्युडीही होती. पुढे दोघं हवाईला राहायला गेले. पोहणारा जास्त दमदार, सायकलवाला की पळणारा, असा तिथे वाद रंगला आणि बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाला एक जोडायची कल्पना निघाली. ३.८ किलोमीटर समुद्रात, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. आमच्या हिशोबात सांगायचं तर पोहून निघायचं, हिंगोलीहून नांदेडला जाऊन परत यायचं आणि मग वसमत ते नांदेड जवळजवळ पळत. सगळं एका दिवसात. याला आयर्नमॅन म्हणतात. मी जिची तयारी करते आहे ती याच्या निम्मी. नावात 'मॅन' आहे आणि ते नाव कॉलिन्सनेच दिलेलं. ज्युडीचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी 'त्याची पत्नी' एवढाच येतो, कल्पना दोघांची होती तरी.

१८ फेब्रुवारी १९७८ ला पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण उतरले, सगळे पुरुष. पुढच्या वर्षी बोस्टनची सायकलपटू लिन लेमेअर आली. ती एकटीच बाई. १२ तास ५५ मिनिटांत तिने शर्यत संपवली आणि सगळ्यांत मिळून पाचवी आली. १९८१ साली शर्यत कोना या गावी हलवली ती व्हॅलरी सिल्क या बाईने. शर्यतीचा कारभार अनेक वर्षं तिच्याच हातात होता.

आणि मग दुसरं चित्र. फेब्रुवारी १९८२, कोना. ज्युली मॉस ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी कॉलेजच्या प्रबंधासाठी या शर्यतीत उतरली होती. संध्याकाळ झाली आणि बायकांमध्ये ती पहिली होती. शेवटच्या टप्प्यात पाय गेले. पडली, उठली, चार पावलं टाकली, पुन्हा पडली. कमान नजरेच्या टप्प्यात असताना कॅथलीन मॅककार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली आणि जिंकली. ज्युली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत गेली आणि तिच्यावर हात टेकला. फरक २९ सेकंदांचा.

हे सगळं टीव्हीच्या कॅमेऱ्यात आलं आणि अमेरिकेत घराघरांत दिसलं. १९२८ ला जे खरं तर घडलंच नव्हतं, ते १९८२ ला पडद्यावर प्रत्यक्ष घडत होतं. बाई खरोखरच कोसळली होती, तिचे पाय तिचं ऐकत नव्हते. तरी कुणी शर्यत बंद केली नाही. उलट ते दृश्य बघून कितीतरी लोकांना, त्यात बायकाही आल्या, आपणही हे करून बघावं असं वाटलं. या खेळाला लोकांनी डोक्यावर घेतलं ते तिथून.

मी ती चित्रफीत बऱ्याचदा बघितली आहे. ज्युली पडते ते बघून माझ्या पोटात गोळा येतो, पण मला त्याहून जास्त नवल वाटतं ते आजूबाजूच्या लोकांचं. ते मदतीला पुढे येतात आणि थांबतात. तिला पडू देतात. म्हणजे कसं सांगू, पडणं तिचं तिच्याकडेच राहू देतात.

ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आली २००० साली, सिडनीला. तिथे बायकांना दाराबाहेर थांबावं लागलं नाही. दोन्ही गट एकदमच आले आणि १६ सप्टेंबरला बायकांची शर्यत आधी झाली, पुरुषांची दुसऱ्या दिवशी. या खेळातलं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमोहनच्या गळ्यात आहे. याचा अर्थ सगळं आलबेल झालं असा नाही. २०१५ च्या सुमाराला कोनाच्या जागतिक स्पर्धेत व्यावसायिक पुरुषांना ५० जागा होत्या आणि बायकांना ३५, त्यावर मोठी बोंब झाली.

तिसरं चित्र आमच्या घरचं आहे. त्याचा फोटो नाही.

माझी धाकटी आत्या मळ्यातल्या विहिरीत गेली. पाणी शेंदताना पाय घसरला म्हणतात. मी पाच वर्षांची होते. घरात याहून जास्त कुणी बोलत नाही आणि मीही बोलणार नाही. आमच्याकडच्या जिल्हा पानावर अशी दोन ओळींची बातमी येतच असते. कपडे धुवायला गेलेली, गुरांना पाणी पाजायला गेलेली, पाय घसरून. मराठवाड्यात बाईचा आणि पाण्याचा संबंध सगळ्यात जुना. डोक्यावर वाहिलेलं पाणी, शेंदलेलं पाणी, टँकरच्या रांगेत उभं राहून भरलेलं पाणी. त्यात उतरणं मात्र तेवढं नाही.

त्याच उन्हाळ्यात काकांनी माझ्या दोन्ही भावांना शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत नेलं. पाठीला रिकामा डबा बांधला, कमरेला दोर, आणि दिलं ढकलून. आठवड्याभरात ते काठावरून मुटका मारायला लागले. आम्हा बहिणींना सांगितलं, विहिरीकडे फिरकायचं नाही. बुडाली होती बाई आणि पोहायला शिकवलं पोरांना. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. १९२८ चं वाचताना एका रात्री ते अचानक लक्षात आलं आणि मी फोन उलटा करून ठेवला.

समुद्राकाठच्या मुलींचं वेगळं होतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारताच्या पहिल्या चार महिला खेळाडू गेल्या. त्यातल्या दोघी धावपटू होत्या, नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, आणि दोघी जलतरणपटू, आरती साहा आणि डॉली नाझीर. मेरी आणि डॉली या दोघी मुंबईच्या. आरती साहा १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेल्या. आशियातल्या त्या पहिल्या महिला. मुंबईच्या रूपाली रेपाळेने १९९४ साली तीच खाडी पार केली, वय वर्षं बारा. बारा वर्षांची असताना मला आमच्या विहिरीला पायऱ्या किती आहेत हेही ठाऊक नव्हतं.

सायकलचं तसं नव्हतं. सायकल आम्हाला सरकारने दिली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात हिंगोली जिल्हा आहे, आणि त्यात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवीच्या पुढच्या मुलींना सायकली मिळतात. लांबच्या मुलींसाठी त्या निळ्या बस. मलाही आठवीत सायकल मिळाली. पोरींची शाळा सुटू नये एवढाच तिचा उद्देश. पण दहा-बारा जणी एका रांगेत पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर घरी सुटायचो, तेव्हा शर्यत लागायचीच. मी कधी पहिली आले नाही. शेवटचीही नाही.

आणि पळण्याबद्दल तर महाराष्ट्राने कुणाचं ऐकून घ्यायची गरजच नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत. आणि लता करे. साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांची गोष्ट सांगताना सगळे 'जिद्द' हा शब्द वापरतात. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. बक्षिसाच्या पैशांतून एमआरआय करावा लागणं ही काही फक्त जिद्दीची गोष्ट नाही.

म्हणजे दोन भाग आमच्याकडे होते. अडलं ते पहिल्यावर, आणि ट्रायथलॉनची गोम अशी की सुरुवात तिथूनच होते. पाण्यातून वेळेत बाहेर आला नाहीत तर सायकलला हातही लावू देत नाहीत.

भारतीय बायका या खेळात आल्या त्या थोड्या आणि लांब-लांबच्या. बंगळुरूच्या अनु वैद्यनाथन यांनी २००९ साली कॅनडातली अल्ट्रामॅन पूर्ण केली. तीन दिवसांत १० किलोमीटर पोहणं, ४२० सायकल आणि ८४ पळणं. २०१९ च्या ऑक्टोबरात निम्म्या अंतराची आयर्नमॅन गोव्याला, मिरामारच्या किनाऱ्यावर आली आणि परदेशी तिकिटाचा खर्च वाचला. नाशिकची अभिनेत्री सैयामी खेर हिने २०२४ साली जर्मनीत ही निम्मी शर्यत केली, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्यांदा घरच्यांना दाखवण्यासारखी बातमी आली. खर्चाचं खोटं बोलत नाही, हा खेळ महाग आहे. माझी सायकल तिसऱ्या हाताची आहे आणि तरीही तिची किंमत मी घरी निम्मी सांगितली आहे.

पोहायला मी सव्विसाव्या वर्षी पुण्यात शिकले. महिलांची बॅच दुपारी होती, नोकरी करणाऱ्या बाईला कधीच जमणार नाही अशा वेळेला. मग मी सकाळच्या सगळ्यांच्या बॅचला गेले. पहिला महिना पाण्यात तोंड घालता आलं नाही. डोळे मिटले की विहीर दिसायची, तिची आतून बांधलेली दगडी कड. सर म्हणायचे, श्वास सोडा, श्वास सोडा. मी धरूनच ठेवायचे. एक दिवस दमून सुटला, आपोआप. बुडबुड्यांचा आवाज ऐकला आणि आत्याने हा ऐकला असेल का, असा विचार आला. रडले असेन, पण पाण्यात ते कळत नाही.

१४ ऑक्टोबर २०२३ ला कोनाला जागतिक स्पर्धा झाली. त्या दिवशी फक्त बायकांची. दोन हजारांहून जास्त जणी त्याच समुद्रात उतरल्या, जिथे एकेचाळीस वर्षांपूर्वी ज्युली मॉस उतरली होती. ब्रिटनची लुसी चार्ल्स-बार्कली ८ तास २४ मिनिटांत जिंकली. मला मात्र त्या दिवसाचं शेवटचं चित्रण जास्त आवडतं. रात्र झालेली, सतरा तासांची मुदत संपत आलेली, आणि शेवटच्या बायका कमानीकडे येतायत. कुणी लंगडत, कुणी हसत. बाजूला उभे असलेले लोक ओरडून ओरडून त्यांची नावं घेतायत.

गोव्यात १.९ किलोमीटरच्या पोहण्याला १ तास १० मिनिटं देतात. तलावात मला आता ५८ मिनिटं लागतात, समुद्रात लाटा असल्या तर जास्त. आजीला मी सायकलचं सांगितलं आहे, पळण्याचंही. ती आता रोज विचारते, "आज किती झालं गं?" आणि मी आकडा सांगितला की मान हलवते.

त्याच्या आधी काय असतं, ते तिला अजून सांगितलेलं नाही.