आळशी डोळा : उपाय आधी, कारण नंतर

मुलाचा एक डोळा किंचित तिरळा असला की 'मोठेपणी होईल सरळ' म्हणून घरची मंडळी थांबतात. वऱ्हाडात असे घडते, तसे इतरत्रही. हे थांबणे का महागात पडते, ते या विकाराच्या इतिहासावरून कळते.

तिरळेपणामुळे, किंवा एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असल्यामुळे, मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रे जातात. मेंदू त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष करू लागतो. मग डोळा वरून निरोगी असूनही त्याला चष्म्यानेसुद्धा स्पष्ट दिसत नाही. हाच आळशी डोळा.

१७४३ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी दोन डोळ्यांची असमान शक्ती हे तिरळेपणाचे कारण सांगितले आणि चांगला डोळा झाकून दुबळ्याला कामाला लावण्याचा उपाय सुचवला. हा उपाय आजही वापरात आहे. परंतु त्यामागचे कारण उलगडायला २२० वर्षे लागली. १९६३ साली हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूबेल आणि विझेल यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा दोन-तीन महिने बंद ठेवला. उघडल्यावर डोळा शाबूत होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी केवळ दुसऱ्या डोळ्यालाच प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजरांत असे घडले नाही. म्हणजेच दृष्टी घडण्याचा एक ठरावीक काळ असतो. या दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलांमध्ये सात-आठ वर्षांपर्यंतचे उपचार सर्वाधिक लाभतात; त्यानंतरही काहींना फायदा होतो. उपचार न झाल्यास खोलीचा अंदाज चुकतो, चेंडू झेलणे अवघड जाते, वाचन संथ होऊ शकते. चांगल्या डोळ्याला इजा झाली, तर संकट दुप्पट.

मूल मात्र तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने फळा दिसतोच! २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत वर्षातून एकदा येतात. एरवी मूल रोज दिसते ते शिक्षकांनाच. सहा मीटरवर 'ई' चा तक्ता लावावा, एकेक डोळा झाकून मुलाला वाचायला सांगावे. फरक आढळल्यास पालकांना अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पाठवावे. पट्टी मनाने बांधू नये. किती तास बांधायची ते डॉक्टरच ठरवतात. आणि पट्टी बांधलेल्या मुलाला वर्गात कोणी चिडवणार नाही, हे पाहावे. चिडवले की मूल पट्टी काढून टाकते, आणि उपचार तिथेच थांबतो.